खोक्यावरचें आणि खोक्यांतलें

जाहिराती वाचण्याचा मला लहानपणापासून नाद आहे. वर्तमानपत्र हातीं आलें कीं थोर पुरुषांचीं भाषणें आणि राज्यकारभाराच्या बातम्या यांच्याकडे वळण्यापूर्वीं माझी दृष्टि कडेच्या लहान चौकटींकडे जाते. केस वाढविणारीं तेलें, बुद्धि तल्लख करणारे पाक, एका रात्रींत खोकला पळवून लावणारे काढे आणि महिन्याभरांत इंग्रजी शिकविणारीं पुस्तकें यांच्या सहवासांत माझा बराच काळ सुखानें गेला आहे. त्या चौकटींतील मजकूर अक्षरशः खरा आहे असें मीं कधीं मानलें नाहीं, आणि मीं तसें मानावें अशी तो लिहिणाऱ्याचीही अपेक्षा नसावी. त्याच्या आणि माझ्यामध्यें एक अबोल करार होता. तो चार आणे वाढवून सांगे, मी चार आणे वजा करून घेई. मंडईंत भाजी घेतांना चालतें तेंच हें. केस वाढोत वा न वाढोत, बाटलींत तेल असे. पाक निदान गोड लागे. पुस्तकाचीं पानें मोजलीं तर पुरीं भरत.

अलीकडे मात्र एक निराळाच प्रकार दृष्टीस पडूं लागला आहे. खोक्यावर जी वस्तु छापलेली असते ती खोक्यांत नसतेच. अतिशयोक्ति हा अलंकार आहे असें आपण शाळेंत शिकतों. परंतु जें मुळांतच नाहीं तें आहे म्हणून सांगण्याला अलंकारशास्त्रांत जागा दिल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं. हा फरक मला पुस्तकांतून कळला नाहीं. तो आमच्या घरीं आला तो मनगटावर बांधावयाच्या एका बँडच्या रूपानें.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सर्वजण अक्का म्हणतों, साताऱ्यास राहते. छत्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत शिकवून ती निवृत्त झाली. गेल्या दोन वर्षांपासून तिच्या हृदयाचा एक विचित्र खेळ सुरू झाला. स्वस्थ बसलेली असतांना, बहुधा पहांटे, छातींत पांखरूं फडफडावें तसें कांहीं होतें. दहापंधरा मिनिटें टिकतें आणि जसें आलें तसें निघून जातें. दवाखान्यांत पोंचेपर्यंत नाडी लंबकासारखी सरळ चालूं लागलेली असते, आणि तेथें काढलेला कार्डिओग्राम निर्दोष निघतो. डॉक्टर म्हणाले, “बाई, चोर घरांत असतांना त्याला पाहिलें पाहिजे. तो गेल्यावर मी येऊन काय करूं?” त्यांना संशय होता तो हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या थरथरण्याचा. या विकारांत ठोके अनियमित पडतात, कप्प्यांत रक्त साकळून गुठळी होण्याचा संभव असतो, आणि ती गुठळी रक्ताबरोबर मेंदूकडे गेली तर अर्धांगवायूचा झटका येऊं शकतो. रक्त गोठूं न देणारें औषध त्यावर आहे. परंतु तें औषध स्वतःच जपून देण्याचें, त्यामुळें निश्चित निदानावांचून तें सुरू करणें डॉक्टरांना प्रशस्त वाटेना, आणि निदान लांबणीवर टाकणेंही बरें वाटेना.

अशा वेळीं अक्काच्या नातवानें, जो यंदा नववींत आहे, मनगटी बँडची गोष्ट काढली. या बँडांपैकीं कांहींत अशी योजना असते कीं, त्याच्या धातूच्या कडेवर दुसऱ्या हाताचें बोट सुमारें तीस सेकंद टेकवून ठेवलें म्हणजे एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत विजेचें वर्तुळ पुरें होतें आणि हृदयाचा आलेख उमटतो. दवाखान्यांत छातीला व हातापायांना तारा जोडून बारा बाजूंनीं जो आलेख काढतात त्याची सर याला नाहीं. पण ठोके नियमित आहेत कीं नाहींत एवढें त्यावरून डॉक्टरांना पाहतां येतें. चोर घरांत असतांना त्याची छबी काढून ठेवण्याचाच हा उपाय. डॉक्टरांनींही मान हालविली. अक्कानें पेन्शनींतून १७,००० रुपये काढले आणि गांवांतल्याच एका दुकानांतून तो बँड आणला.

खोकें मोठें देखणें होतें. पाठीमागच्या बाजूस चार चित्रें: पावलें मोजण्याचें, झोप मोजण्याचें, रक्तांतील प्राणवायु मोजण्याचें, आणि चौथें लाल हृदय व त्यांतून जाणारी ती सुप्रसिद्ध वांकडीतिकडी रेघ. पहिल्या तीन सोयी बँडमध्यें निघाल्या. चौथी निघाली नाहीं. नातवानें बँडचीं आणि फोनचीं सगळीं पानें उलटीं-सुलटीं पाहिलीं, तेव्हां एका कोपऱ्यांत वाक्य सांपडलें कीं ही सोय आपल्या प्रदेशांत उपलब्ध नाहीं. मग भिंग आणून खोकें पुन्हां न्याहाळलें. चौथ्या चित्राच्या डोक्यावर एक तारका होती, आणि खोक्याच्या अगदीं तळाशीं, मोहरीहूनही बारीक अक्षरांत, तिचा खुलासा होता. दुकानदारानें तें खोकें शेंकडों वेळां हाताळलें असेल. त्यालाही ती ओळ आमच्याकडूनच कळली. तो भला माणूस ओशाळून म्हणाला, “साहेब, अपडेट येईल. आठ दिवसांत येतंय असं वरून सांगितलंय.”

तेव्हांपासून रोज सकाळीं अक्का नातवाला विचारी, “आली का रे ती सोय?” आणि तो म्हणे, “नाहीं आजी.” नवव्या दिवशीं पहांटे तें पांखरूं पुन्हां फडफडलें. अक्का अंथरुणावर उठून बसली, आणि सोय आलेली नाहीं हें ठाऊक असूनही तिनें धातूच्या कडेवर बोट टेकवलें. तीस सेकंद झाले, पांच मिनिटें झालीं. बँडवर वेळ दिसत होती, तारीख दिसत होती, आदल्या दिवशींचीं ४,२१२ पावलें दिसत होतीं. थोड्या वेळानें फडफड थांबली. सात वाजतां बँडनें तिला कळविलें कीं तिची झोप चांगली झाली आहे.

येथें न्यायाच्या दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. हृदयाचा आलेख काढणारें यंत्र हें औषधासारखेंच रोग्याच्या जिवाशीं निगडित असल्यानें त्याला देशोदेशींच्या नियामक खात्यांची परवानगी लागते, आणि ती लागावी हेंच योग्य आहे. एका देशानें मान्य केलें म्हणून दुसऱ्यानें डोळे मिटून मान्य करावें असें मी म्हणणार नाहीं. दुसरें असें कीं, उशीर होणें हा कांहीं गुन्हा नव्हे. ॲपल कंपनीनें सप्टेंबर २०१८ मध्यें आपलें चौथें घड्याळ जाहीर केलें तेव्हां त्यांतील कार्डिओग्रामची सोय वर्षअखेरीपर्यंत येईल असें त्याच वेळीं सांगितलें होतें. डिसेंबरांत ती अमेरिकेंतील ग्राहकांना मिळाली. सॅमसंगचें एक घड्याळ ऑगस्ट २०१९ मध्यें जाहीर झालें. त्याच्या पोटांत आलेखाची सामग्री होती, पण अमेरिकेंतील माणसाला तिचा उपयोग करतां आला तो २०२० च्या सप्टेंबरांत. तेरा महिने घड्याळ मनगटावर आणि सोय कागदावर! फिटबिटच्या २०२१ सालच्या एका बँडबरोबर ‘आज व्यायाम करावा कीं विसांवा घ्यावा’ हें सांगणारा रोजचा आंकडा जाहीर झाला होता. बँड आधीं विकला गेला, आंकडा कांहीं आठवड्यांनीं मागून आला. उलट दिशेचाही एक प्रकार आहे. पेटंटच्या भांडणामुळें जानेवारी २०२४ पासून अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या ॲपलच्या नव्या घड्याळांतून प्राणवायु मोजण्याची सोय बंद करण्यांत आली, आणि ती वेगळ्या रीतीनें परत आली ऑगस्ट २०२५ मध्यें. म्हणजे एकाच नांवाचें घड्याळ, एकाच दुकानांतलें, डिसेंबरांत घेतलें तर प्राणवायु मोजी आणि फेब्रुवारींत घेतलें तर मोजीत नसे.

या सर्वांचा पूर्वज फार साधा होता. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिक सामन्यांनंतर जपानांत चालण्याची हौस वाढली, आणि १९६५ सालीं ‘मानपो-केई’ नांवाचें कमरेला लावण्याचें एक यंत्र विक्रीस आलें. ‘मानपो’ म्हणजे दहा हजार पावलें आणि ‘केई’ म्हणजे मापक. रोज दहा हजार पावलें चाललींच पाहिजेत, हा जो धर्मनियमासारखा आंकडा आज घरोघरीं ऐकूं येतो त्याचा उगम या विक्रीच्या नांवांत आहे, वैद्यकांत नाहीं. अमेरिकेंतील वयस्क स्त्रियांच्या २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत सुमारें ७,५०० पावलांच्या पुढें मृत्यूचें प्रमाण आणखी घटतांना आढळलें नाहीं. (ही गोष्ट मीं अक्काला सांगितल्यावर अंगणांतल्या तिच्या रात्रींच्या फेऱ्या एकदम कमी झाल्या.) परंतु मानपो-केईच्या बाजूनें एवढें बोललें पाहिजे कीं त्यानें पावलें मोजण्याचें कबूल केलें आणि तें पावलेंच मोजीत राहिलें.

आजच्या बँडांचें मोजणें अधिक गूढ असतें. बँडच्या तळाशीं हिरवा दिवा लुकलुकतो तो आपण सर्वांनीं पाहिला असेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतें. प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटांतील रक्त क्षणभर वाढतें, तेव्हां परत येणारा प्रकाश तितका कमी होतो, आणि या चढउतारावरून ठोके मोजतात. कल्पना फार सुंदर आहे. पण दिव्यासमोर मनगटच आहे हें यंत्राला निश्चित ठाऊक असतें असें नाहीं. आमच्या शेजाऱ्यांचा एक अगदीं स्वस्त बँड नातवानें प्रयोगादाखल दुध्या भोपळ्याला बांधला, तर त्यानें भोपळ्याची नाडी ७४ दाखविली. भोपळा प्रकृतीनें उत्तम होता हें खरें. संध्याकाळीं त्याची भाजी झाली. पडद्यावर आंकडा उमटला म्हणजे मोजणी झालीच असें नव्हे, हें नातवाला त्या दिवशीं जितकें पटलें तितकें माझ्या व्याख्यानानें पटलें नसतें. सुई न टोंचतां रक्तांतील साखर सांगतों असें म्हणणारीं घड्याळेंही बाजारांत फिरत असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें फेब्रुवारी २०२४ मध्यें लोकांना इशाराच दिला कीं, त्वचेला टोंचल्याखेरीज स्वतःच साखर मोजणाऱ्या कोणत्याही घड्याळाला वा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाहीं. ज्यांच्या घरीं मधुमेहाचा रोगी आहे त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. असल्या आंकड्यावर भिस्त ठेवून इन्सुलिनचें प्रमाण ठरविलें तर जिवावर बेतूं शकतें.

अक्कानें कंपनीला पत्र लिहिलें. उत्तर तत्परतेनें आलें. तिचा अनुभव त्यांना मोलाचा वाटत होता, आणि तिनें दाखविलेल्या संयमाबद्दल ते तिचे आभारी होते. “मीं संयम दाखविला हें यांना कोणीं सांगितलें?” अक्का म्हणाली. तिनें दुसरें पत्र धाडलें. उत्तरांत बँड एकदां बंद करून पुन्हां सुरू करण्याचा सल्ला होता. तोही तिनें पाळला. तिसऱ्या पत्राला उत्तर आलें कीं सोय लवकरच उपलब्ध होईल. अक्कानें तो कागद नातवापुढें टाकला आणि जुन्या संवयीनें विचारलें, “‘लवकरच’ हा शब्द व्याकरणांत काय?” तो म्हणाला, “क्रियाविशेषण अव्यय.” “बरोबर. ती तारीख नव्हे.”

या पत्रव्यवहाराच्या दिवसांत मला इंग्लंडांतील एका जुन्या खटल्याची वारंवार आठवण होई. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो तोंडपाठ असतो. इतरांनींही ऐकण्यासारखा आहे. १८९१ सालीं लंडनांत इन्फ्ल्युएंझाची सांथ होती. एका कंपनीनें ‘कार्बोलिक स्मोक बॉल’ नांवाचा रबरी गोळा विकावयास काढला. त्यांतील पूड नाकांत ओढली कीं सांथ शिवत नाहीं असा तिचा दावा. जो कोणी हा गोळा दिवसांतून तीन वेळां याप्रमाणें दोन आठवडे वापरील आणि तरीही आजारी पडेल त्याला १०० पौंड बक्षीस देऊं, आणि आमच्या प्रामाणिकपणाची खूण म्हणून १,००० पौंड बँकेंत ठेवले आहेत, अशी जाहिरात तिनें वर्तमानपत्रांत दिली. लुइझा कार्लिल नांवाच्या बाईनें गोळा विकत घेऊन नोव्हेंबरापासून जानेवारीपर्यंत नेमानें वापरला, आणि १८९२ च्या जानेवारींत तिला इन्फ्ल्युएंझा झालाच. तिनें १०० पौंड मागितले. कंपनी म्हणाली, जाहिरात ही नुसती फुशारकी असते, ती कोण खरी मानतो? शिवाय सगळ्या जगाशीं करार कसा होईल? डिसेंबर १८९२ मध्यें अपील कोर्टानें हें म्हणणें फेटाळलें. बँकेंत पैसे ठेवल्याचें जो छापतो त्याचें बोलणें फुशारकी म्हणून सोडून देतां येत नाहीं, असा त्याचा आशय. कार्लिलबाईंना पैसे मिळाले. त्या पुढें ९६ वर्षें जगून १९४२ सालीं वारल्या. मला विशेष मौजेची वाटते ती कंपनीची पुढची चाल. तिनें लागलीच नवी जाहिरात काढून बक्षीस दुप्पट, म्हणजे २०० पौंड, केलें. मात्र या वेळीं त्याच्याबरोबर अटी अशा जोडल्या कीं तें कोणाच्या हातीं सहसा लागूं नये. आमच्या खोक्यावरच्या त्या तारकेचें कूळ मला येथें सांपडतें.

आपल्याकडेही आतां कायदा तोकडा राहिलेला नाहीं. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तूचें खोटें वर्णन करणारी, किंवा महत्त्वाची माहिती बुद्धिपुरस्सर लपविणारी जाहिरात त्यानें दिशाभूल करणारी ठरविली आहे, आणि तिच्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दहा लाख रुपयांपर्यंत दंड करतां येतो. पुन्हां तोच अपराध केल्यास पन्नास लाखांपर्यंत. जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तर तारकांचाच समाचार घेतला आहे: खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेंत आणि त्याच प्रकारच्या अक्षरांत असावा, तो ठळकपणें दिसावा, आणि दाव्यानें जें दिलें तें खुलाशानें काढून घेऊं नये. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पांच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस फी पडत नाहीं, आणि आपण जेथें राहतों त्याच जिल्ह्यांत ती करतां येते. त्याआधीं १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे गाऱ्हाणें मांडण्याची सोय आहे. अक्कानें तेंच केलें.

तक्रार तिनें स्वतः, सुवाच्य अक्षरांत, दीड पानांत लिहिली. विशेषणें काढून टाकलीं. नातवानें आपल्या कंपासपेटींतील पट्टी खोक्यावर ठेवून चौथ्या चित्राची रुंदी २२ मिलिमीटर आणि तळच्या अक्षरांची उंची एक मिलिमीटरहून कमी असल्याचें टिपून घेतलें, आणि पट्टीसकट फोटो काढून तो जोडला. मला वाटतें, त्या दीड पानापेक्षांही पट्टीनेंच अधिक काम केलें. तीन आठवड्यांनीं कंपनीचा फोन आला. या वेळीं अनुभवाच्या मोलाविषयीं कोणी बोललें नाहीं. बँड परत घेऊन पुरी किंमत देण्यास ते तयार होते. अक्कानें विचारलें, “आणि खोकें?” पलीकडच्या मुलीला प्रश्न कळला नाहीं. अक्कानें तो पुन्हां समजावून सांगितला: तिच्यासारख्या दुसऱ्या कोणी तें चित्र पाहून तो बँड घेऊं नये यासाठीं चित्र बदलणार कीं नाहीं? त्या मुलीनें वरिष्ठांना कळवितें असें सांगितलें. पैसे आठवड्याभरांत आले. चित्राबद्दल कळलेलें नाहीं.

दरम्यान डॉक्टरांनीं अक्काच्या छातीला चिकटवून ठेवण्याचें, कित्येक दिवस अखंड आलेख टिपणारें एक लहान यंत्र पुण्याहून मागविलें. चौथ्या दिवशीं पहांटे चोर त्यांत सांपडला. संशय खरा होता. औषध सुरू झालें आहे, आणि नाकांतून वा हिरड्यांतून रक्त आल्यास ताबडतोब कळविण्याची ताकीदही. मधले दोन महिने ती औषधावांचून होती, आणि त्या दोन महिन्यांत कांहीं अघटित घडलें नाहीं. त्याचें श्रेय कोणाच्याही खोक्याला देतां येणार नाहीं.

गेल्या महिन्यांत साताऱ्यास गेलों असतां त्या दुकानावरून जाणें झालें. तींच खोकीं कांचेमागें रचलेलीं होतीं, लाल हृदयही जागच्या जागीं होतें. मात्र प्रत्येक खोक्यावर, त्या हृदयाच्या अगदीं शेजारीं, वहीच्या रेघी कागदाची एक चिठ्ठी डिंकानें चिकटविलेली दिसली. तिच्यावर निळ्या शाईनें, चांगल्या बोटभर अक्षरांत, दुकानदारानें लिहिलें होतें: “कार्डिओग्राम होत नाही. विचारून घ्या.” विक्री कमी झाली का असें मीं विचारलें. तो म्हणाला, “थोडी झाली, साहेब. पण परत यायला लागलेले लोक थांबले.”